सोळा वर्षांचे मुकादम : अमेरिकेतील ज्यू किशोरांच्या नेतृत्व-शिबिरांची घडण

मराठीत ‘शिबिर’ हा शब्द फार सोशिक आहे. रक्तदानाचे शिबिर असते, श्रमदानाचे असते, नेत्रतपासणीचे असते आणि मे महिन्यात मुलांना चार दिवस घराबाहेर काढणारे संस्कारांचेही असते. त्यामुळे अमेरिकेतील ज्यू मुलांच्या समर कॅम्पविषयी मी मराठीत बोलू लागले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राष्ट्र सेवा दलाचा मेळावा किंवा छात्रसेनेचा तळ उभा राहतो. ही तुलना अगदीच गैर नाही. पहाटेची घंटा, रांगेने जेवण, समूहगीते आणि निरोपाच्या रात्रीची रडारड दोन्हीकडे सारखीच. पण तिथे शिबिर ही वर्षभराच्या कामाला जोडलेली पुरवणी नसते. अमेरिकेतील ज्यू समाजाने विसाव्या शतकात पुढच्या पिढीचे धर्मशिक्षण, भाषा, गाणी आणि संस्था चालवण्याची रीत यांचा मोठा वाटा उन्हाळ्याच्या सुटीकडे सोपवला. एका अल्पसंख्य समाजाने स्वतःला टिकवण्याची जबाबदारी तलावाकाठच्या लाकडी बराकींवर टाकावी, ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे.

या शिबिरांतला एक प्रकार नेतृत्व-शिबिरांचा. चौदा ते सतरा वर्षांची मुले-मुली तिथे बारा दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत राहतात आणि आपापल्या गावी ज्यू युवकांची शाखा कशी चालवायची ते शिकतात. १९९९ च्या जुलैत मी अशा एका शिबिराला गेले होते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आजोळ अलिबागजवळचे, प्राथमिक शाळा ठाण्यातली, आणि तेराव्या वर्षापासून मुक्काम न्यू जर्सीत. ही माहिती इथे देण्याचे कारण एवढेच, की त्या शिबिराची घडण मला दिसली ती थोडी कडेला उभी राहिल्यामुळे. मध्यभागी असणाऱ्याला चौकट सहसा दिसत नाही.

हवापालट ते धर्मशिक्षण

संघटित समर कॅम्पची अमेरिकी परंपरा साधारण १८६१ पासून मोजतात. त्या साली कनेक्टिकटमधील शाळामास्तर फ्रेडरिक गन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुक्कामी नेले. पुढच्या काही दशकांत हा प्रकार सुखवस्तू प्रोटेस्टंट घरांतल्या मुलांसाठी रूढ झाला. ज्यूंना त्यात सहजी प्रवेश नव्हता. १८७७ साली जोसेफ सेलिगमन या बड्या ज्यू सावकाराला साराटोगाच्या ग्रँड युनियन हॉटेलात खोली नाकारण्यात आली आणि त्याचा देशभर गवगवा झाला. ज्या समाजातल्या कोट्यधीशाला हवा खायला जागा मिळत नव्हती, त्यातल्या शिवणकामगारांच्या मुलांची काय कथा?

ही मुले होती न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. त्यांतले अनेक जण दाटीवाटीच्या चाळींत राहत आणि क्षयाची धास्ती घरोघर होती. त्यांच्या आधी आलेल्या, स्थिरावलेल्या जर्मन ज्यूंनी या मुलांसाठी शिबिरे काढली. १८९३ सालचे कॅम्प लेमन हे कामकरी ज्यू मुलींच्या विश्रांतीसाठी होते. १९०२ साली एज्युकेशनल अलायन्सने हडसन नदीच्या खोऱ्यात काढलेले सरप्राइज लेक कॅम्प गरीब मुलग्यांसाठी. दूध, उन्हे, पोहणे आणि शुद्ध इंग्रजी हे त्यांचे उद्दिष्ट. मुलांना अधिक ज्यू करावे हा विचार त्यात फारसा नव्हता. त्यांना अमेरिकी करावे हा होता.

दिशा बदलली ती शिक्षकांमुळे. सॅमसन बेंडर्ली आणि त्यांच्या शिष्यवर्गाच्या लक्षात आले, की शाळा सुटल्यावर संध्याकाळी कंटाळलेल्या मुलांना हिब्रू शिकवण्यात हशील नाही. त्यांच्यापैकी अल्बर्ट स्कूलमन यांनी १९१९ साली सेजविन शिबिरे सुरू केली आणि सुट्टी हेच शिक्षणाचे साधन ठरवले. पुढे जोनाथन सारना या इतिहासकाराने १९४१ ते १९५२ या दशकाला ज्यू शिबिरांचे निर्णायक दशक म्हटले. १९४१ मध्ये श्लोमो बार्डिन यांनी न्यायमूर्ती ब्रँडाइस यांच्या नावाची तरुणांची संस्था काढली. तिच्यात किबुट्झ, डेन्मार्कची लोकविद्यालये आणि अमेरिकी कॅम्प यांचे मिश्रण होते. त्याच साली सगळा व्यवहार हिब्रूतून करणारे मसाद सुरू झाले. १९४७ मध्ये विस्कॉन्सिनला रामा, आणि १९५२ मध्ये त्याच राज्यात रिफॉर्म पंथाचे शिबिर. आपल्याकडे राष्ट्र सेवा दलाची पुनर्रचना १९४१ चीच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मोठ्या उलथापालथीच्या काळात वडीलधाऱ्यांचे लक्ष किशोरांकडे वळते, एवढे या योगायोगावरून म्हणता येते.

अमेरिकी ज्यूंच्या बाबतीत ती उलथापालथ कोणती हे सांगायला नको. युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. विल्ना, वॉर्सा, लुब्लिन इथली विद्यापीठे आणि पाठशाळा नाहीशा झाल्या. पंडित आणि पुढारी पुरवणारा जुना मुलूखच उरला नाही. आता पुढारी अमेरिकेतच तयार करावे लागणार होते, आणि तेही बेसबॉल खेळणाऱ्या मुलांमधून.

ओमाहातली अक्षरे

नेतृत्व-शिबिरांचा एक धागा मात्र याआधीचा आहे आणि तो नेब्रास्कातील ओमाहा गावी सापडतो. तिथल्या हायस्कूलमध्ये ग्रीक अक्षरांची नावे लावणारी मुलांची मंडळे होती आणि त्यांत ज्यू मुलांना घेत नसत. या मुलांनी स्वतःचे मंडळ काढले आणि ग्रीकऐवजी हिब्रू अक्षरे घेतली : आलेफ झादिक आलेफ. सॅम बेबर या तरुण वकिलाच्या पुढाकाराने ३ मे १९२४ रोजी त्याची राष्ट्रीय संघटना झाली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला पूर्व युरोपातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष कूलिज यांनी सही केली. दार बाहेरून लागत होते, तेव्हा आतली मुले आपली सभा भरवत होती.

१८४३ पासून चालत आलेल्या ब्नाई ब्रिथ या ज्यू संस्थेने या मंडळाला पुढच्याच वर्षी आपल्या छत्राखाली घेतले. १९४४ मध्ये मुलींची जोडसंघटना उभी राहिली. या संघटनेची खूण म्हणजे तिची पदे. अध्यक्षाला गोडोल म्हणजे थोर, उपाध्यक्षाला स्गान, चिटणिसाला मझकीर, खजिनदाराला गिझबोर. सोळा वर्षांच्या मुलाने निवडणूक लढवायची, भाषण करायचे, हरल्यास हात मिळवायचा, आणि जिंकल्यास वर्षभर शाखा चालवायची. मोठी माणसे सल्लागार म्हणून खोलीच्या मागच्या बाजूला. १९३९ मध्ये रिफॉर्म पंथाची आणि १९५१ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पंथाची युवक संघटना याच मार्गाने गेली. रिफॉर्म पंथाने १९६५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉरविक इथे किशोरांच्या नेतृत्वासाठी खास शिबिर उभे केले. ते २०१९ च्या उन्हाळ्यानंतर बंद झाले.

मी गेले ते दुसऱ्याच एका संघटनेचे शिबिर, पण साचा हाच.

पंचेचाळीस मिनिटे

पुढारी म्हटले की मराठी मनात पांढरे कपडे, गाडी आणि फलक उभे राहतात. तिथे पुढारीपणाची व्याख्या फार साधी होती : वीस समवयस्कांचा पंचेचाळीस मिनिटे वेळ घेऊन तो वाया न घालवणे.

या पंचेचाळीस मिनिटांना हिब्रूत ‘पेऊला’ म्हणतात. शब्दाचा अर्थ कृती. प्रत्येक शिबिरार्थीच्या वाट्याला एक तरी पेऊला येई. आधी कागदावर लिहायचे : उद्देश काय, कोणासाठी, किती वेळ, साहित्य काय, पाऊस आला तर काय. मग तो कागद घेऊन मद्रिखाकडे, म्हणजे आपल्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या असलेल्या मार्गदर्शकाकडे जायचे. तो किंवा ती फक्त प्रश्न विचारी. ‘इथे मुले का बोलतील?’ ‘हा खेळ आणि तुझा उद्देश यांचा संबंध काय?’ उत्तर आपले आपण शोधायचे. प्रत्यक्ष कार्यक्रम कोसळू लागला तरी मद्रिख उठत नसे. नंतर सगळे गोल बसत आणि काय जमले, काय नाही, हे करणाऱ्याच्या तोंडावर सांगत. आधी करणाऱ्याने स्वतः बोलायचे, मग बाकीच्यांनी, असा नियम होता. आमच्याकडे कार्यक्रम झाला की सत्कार, आभार आणि चहा होतो. चूक काय झाली ते घरी जाताना रिक्षात बोलले जाते. ते उघड्यावर, शांतपणे, ठरलेल्या क्रमाने बोलता येते हे मला तिथे प्रथम कळले.

दुसरे साधन म्हणजे नमुना-शाखा. पंचवीसएक मुलांचा गट करून त्यांना सांगत, की पुढचे दोन आठवडे तुम्ही एक गाव आहात. मंडळ निवडा, अंदाजपत्रक करा, शुक्रवारच्या संध्याकाळची तयारी तुमच्याकडे. काम झाले नाही तर ते उघडे पडे. खजिनदाराने कागद वेळेवर दिला नाही तर मेणबत्त्या येत नसत आणि सगळे शिबिर पांढऱ्या कपड्यांत ताटकळत उभे राही. श्रद्धा आहे का, असे कोणी विचारत नसे. मेणबत्त्या आणल्या का, एवढेच विचारत. आधी जबाबदारी द्यायची, श्रद्धा मागाहून आली तर येईल, हा या पद्धतीचा गाभा आहे असे मला वाटते. अनेकांच्या बाबतीत ती येते. कारण ज्या समारंभाच्या मेणबत्त्या आपण आणल्या, तो परका वाटत नाही.

तिसरे साधन वेळापत्रकाचे. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी तारे दिसल्यावर संपतो. शहरात त्याला दुकाने, शाळा, फुटबॉलचे सामने आडवे येतात. शिबिरात सगळे जगच त्या घड्याळावर चालते. न्यू जर्सीत आमचे कुटुंब शब्बाथ पाळायला निघाले की शेजाऱ्यांपासून तुटत असे. तिथे तो पाळूनच शेजारी मिळत. अल्पसंख्याकांची मुले वर्षभर अपवाद म्हणून जगतात. त्यांना तीन आठवडे नियम होऊन जगू देणे, ही या शिबिरांची सर्वांत मोठी देणगी आहे.

गाणी आणि बोली

या शिबिरांची एक बोली आहे. वाक्य इंग्रजी, पण नामे हिब्रू. जेवणघर ‘खदर ओखेल’, बराक ‘त्स्रीफ’, गाणी ‘शिरा’. सारा बेनोर, जोनाथन क्रॅस्नर आणि शॅरन अवनी या अभ्यासकांनी २०२० साली या भाषेवर पुस्तकच लिहिले. त्यांचे म्हणणे असे, की मुलांना हिब्रू बोलता येत नाही आणि शिबिरालाही ते सर्वत्र साधायचे नसते. काही शेकडा शब्द तोंडी बसून ते आपले वाटू लागणे हेच साध्य असते. भाषा न येता तिच्याविषयी आपलेपणा वाटणे मराठी वाचकाला नवे नाही. अमेरिकेतील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात आरतीपुरते मराठी येणारी मुले मी अनेक पाहिली आहेत, आणि आमच्या घरात तर हिब्रूची गोष्ट पिढ्यान्पिढ्या हीच होती. प्रार्थना हिब्रूत, बाकी सगळे मराठीत. म्हणून तर १८४६ साली मुंबईत पेसाहची हग्गादा मराठी भाषांतरासह छापावी लागली.

गाण्यांचे तर काय सांगावे! जेवणानंतरच्या प्रार्थनेला टेबले वाजवण्याची रीत, गिटार, खांद्यावर हात टाकून डोलणे हे सारे शिबिरांतून वाढले आणि मग गावोगावच्या सिनेगॉगमध्ये शिरले. डेबी फ्रिडमन ही गायिका रिफॉर्म पंथाच्या शिबिरांतूनच घडली. तिच्या चाली एके काळी बुजुर्गांना पोरकट वाटत. २०११ मध्ये ती गेली, आणि त्याच वर्षी हिब्रू युनियन कॉलेजच्या धर्मसंगीत विद्यालयाला तिचे नाव देण्यात आले. मुलांनी सुट्टीत केलेली रीत एका पिढीत शास्त्र होऊन बसली.

काळाच्या योगायोगाने एका उपासाचेही असेच झाले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस, आव महिन्याची नवमी, जुलै-ऑगस्टमध्ये येतो. अमेरिकेत बहुसंख्य ज्यूंना तो विस्मरणात गेला होता. शिबिराच्या काळात येणारा तेवढाच एक मोठा दिवस, म्हणून शिबिरांनी तो उचलला. अंधारात जमिनीवर बसून विलापगीते वाचायची, आणि पुष्कळदा रात्री एखादे नाट्यही घडवायचे : पळून जाणारे कुटुंब, बोट, सीमेवरचा शिपाई. सँड्रा फॉक्स या इतिहासकार बाईंनी शिबिरांवरच्या आपल्या २०२३ च्या पुस्तकात अशा नाट्यीकरणांचा सविस्तर विचार केला आहे.

ओटचा मलिदा

इथे माझी कड सुरू होते. त्या वर्षी आव महिन्याची नवमी २२ जुलैला होती. आमच्या गटाला रात्री तलावाकाठी नेले आणि आम्ही रशियातून पळालेले कुटुंब झालो. शेवटी दिसली ती न्यूयॉर्कची गोदी. प्रसंग मनाला भिडणारा होता आणि माझ्या शेजारच्या मुलीचे पणजोबा खरोखर तसे आले होते. माझे मात्र या रात्रीशी असलेले नाते वेगळे होते. आमच्याकडे या दिवसाला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात, कारण उपास सोडताना पानात वालाचे बिरडे असते. आमच्याही पूर्वजांच्या कथेत जहाज आहे. ते नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, असे आम्ही मानतो. पुढे ते तेली झाले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शनवार तेली म्हटले गेले. या कथेत रशिया नाही आणि न्यूयॉर्कही नाही.

तुमचे कुटुंब धर्मांतर करून ज्यू कधी झाले, हा प्रश्न मला पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा विचारला गेला. विचारणाऱ्यांत दुष्टपणा नव्हता. पण आमच्या घरात या प्रश्नाला इतिहास होता. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांपूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. भारतातून गेलेल्या लोकांनी आंदोलन केले, १९६४ मध्ये जेरुसलेमला धरणे धरले, संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. माझ्या आजीचा भाऊ त्या धरण्यात होता. सोळाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर तोच प्रश्न ऐकताना घास अडकतो.

माझ्या वाट्याला आलेल्या पेऊलाचा विषय ‘जगातले ज्यू’ असा होता. मी मलिदा करायचे ठरवले. नवस फेडताना, लग्नाआधी, शुभकार्यात आमच्याकडे मलिद्याचे ताट होते : भिजवलेले पोहे, खोबरे, साखर, सुका मेवा, फळे, सब्जाची पाने. प्रेषित एलियाहूचे गीत म्हणायचे आणि ताट वाटायचे. आईने टपालाने पोहे पाठवले. स्वयंपाकघराच्या धर्मनियमांवर देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. त्यावर कोशर असल्याचा शिक्का नव्हता. पोहे आत घेता येणार नाहीत, असे त्यांनी सौजन्याने सांगितले. नियम सर्वांना सारखाच होता. तरी दोन हजार वर्षे जपल्याचे सांगितल्या जाणाऱ्या विधीचे अन्न ज्यू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडले, हे मला विसरता आलेले नाही.

मद्रिखाने नेहमीप्रमाणे उपाय सुचवला नाही, ‘मग आता?’ एवढेच विचारले. मी स्वयंपाकघरातलेच ओट मागून घेतले, सुके खोबरे आणि साखर घेतली, सफरचंदे चिरली. ओटचा मलिदा झाला. गीताची वेळ आली तेव्हा मी आमच्या चालीत सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीला वीसच्या वीस मुले शब्द म्हणू लागली. शनिवारी रात्री शब्बाथला निरोप देताना, पिळाची मेणबत्ती आणि मसाल्यांची डबी फिरवताना, ते हेच गीत म्हणत; फक्त चाल निराळी. नंतरच्या गोल बैठकीत एका मुलाने विचारले, ‘हे शब्द तुम्हाला कोणी शिकवले?’ मी म्हटले, ‘तुम्हाला कोणी शिकवले?’ त्यावर पुष्कळ वेळ चर्चा झाली. त्यानंतर धर्मांतराचा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

या प्रसंगातून मी दोन निष्कर्ष काढते. चौकट अरुंद होती. ‘जगातले ज्यू’ यांना तीन आठवड्यांत पंचेचाळीस मिनिटे होती आणि उरलेला सगळा वेळ पूर्व युरोपाचा. पण ती पंचेचाळीस मिनिटे माझ्या हाती दिली होती, माझ्याविषयी दुसऱ्या कोणाच्या हाती नव्हे. काम सोपवण्याची पद्धत प्रामाणिकपणे राबवली, तर चौकट ज्यांनी आखली त्यांच्याही मनात नसलेली माणसे तिच्यात शिरू शकतात.

आकड्यांची गोष्ट

शिबिरांवर पैसा का लागला, याचे उत्तर एका आकड्यात आहे. १९९० च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीने सांगितले, की १९८५ नंतर लग्न झालेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी ज्यूंबाहेर लग्न केले. आकड्याच्या हिशेबावर पुढे वाद झाले, पण धक्का बसायचा तो बसला. धनिकांनी शिबिरांना हात दिला. १९९८ मध्ये ज्यू शिबिरांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठान उभे राहिले. त्या प्रतिष्ठानाच्या २०११ च्या अभ्यासाने म्हटले, की शिबिराला गेलेली माणसे प्रौढपणी महिन्यातून एकदा तरी सिनेगॉगला जाण्याची शक्यता न गेलेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी अधिक असते. असे आकडे जपून वाचावे लागतात. मुळात मुलांना शिबिराला पाठवणारी घरे वेगळी असतात. हा फरक संख्याशास्त्राने वजा करता येतो, पण पूर्ण पुसता येत नाही. शिवाय तीन आठवड्यांना काही हजार डॉलर मोजावे लागतात. शिष्यवृत्त्या असल्या तरी त्या मागायला जाणे हाच एक अडसर असतो. मी शिष्यवृत्तीवर गेले होते आणि अर्ज भरताना वडिलांनी तीन वेळा पेन खाली ठेवले होते.

टीका आणखीही आहे. समाज टिकवणे म्हणजे लग्ने जुळवणे आणि मुले होऊ देणे असे समीकरण झाले, की मुलींच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न २०१८ पासून काही इतिहासकार स्त्रियांनी ठामपणे विचारला आहे. इस्रायलचा प्रश्न त्याहून अवघड. बहुतेक शिबिरांत इस्रायली तरुण मार्गदर्शक म्हणून येतात आणि त्या देशाशी नाते जोडणे हा अभ्यासक्रमाचा भाग असतो. २०१७ मध्ये काही माजी शिबिरार्थींनी मोहीम काढून म्हटले, की पॅलेस्टिनी लोकांविषयी आम्हाला तुम्ही काहीच सांगितले नाही. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या युद्धाने हा ताण प्रत्येक जेवणघरात पोचला. मला यात एक विसंगती दिसते आणि ती या शिबिरांच्या बाजूने बोलते. तक्रार करणाऱ्यांना सभा भरवायची, कागद लिहायचा, वडीलधाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारायचा ही विद्या याच शिबिरांनी दिली होती. पुढारी घडवायचे ठरवले तर ते आपलेच ऐकतील असे धरून चालता येत नाही. ज्या शिबिराला निव्वळ अनुयायी हवे असतील त्याने पेऊला मुलांच्या हाती देऊ नये.

मुकादम कोण?

आमच्या जुन्या सिनेगॉगांतही पदे होती आणि त्यांची नावे मराठी मुलखातली होती. प्रमुख तो मुकादम, त्याच्या सल्ल्याला चौगुले. त्यांच्या जोडीला गबाई, हझान, शमाश. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला बांधलेल्या शाआर हारहमीमला, म्हणजे आमच्या ‘जुन्या मशिदी’लाही, हीच व्यवस्था माहीत होती. गोडोल आणि मुकादम यांच्यात फरक वयाचा. मुकादम पिकल्या केसांचा. पोरांनी मागे उभे राहून ऐकायचे.

पण हा समाज नेहमीच असा नव्हता. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायलांतील काही मंडळींनी हिंदू कीर्तनाची रीत उचलली, तिच्यात मोशे, योसेफ, दावीद यांची आख्याने घातली आणि मराठीतून आपला धर्म आपल्याच लोकांना समजावून सांगितला. कोणा परदेशी संस्थेने ते सांगितले नव्हते. शेजारच्या देवळात जे चांगले चालते ते आपल्या कामाला येईल, एवढी समज त्यांच्यापाशी होती. अमेरिकी ज्यूंनी शेजाऱ्यांचा कॅम्प उचलला, आम्ही शेजाऱ्यांचे कीर्तन उचलले. कृती एकच.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या २०,००० च्या आसपास होती. बहुतेक इस्रायलला गेले. आता ठाणे, मुंबई, पुणे, अलिबाग इथे मिळून काही हजार उरले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इथली काही मुले हंगेरीतल्या सॉरवॉश गावी १९९० पासून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय ज्यू शिबिराला जातात आणि वीसहून अधिक देशांच्या मुलांबरोबर राहून येतात. त्यांच्याशी बोलताना मला आनंद होतो आणि एक काळजीही वाटते. ती परत येतात ती गिटारवरच्या चाली घेऊन, हिब्रू शब्द घेऊन. ते चांगलेच आहे. पण बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा सण, कीर्तनातली साकी-दिंडी यांना त्या झोळीत जागा कोण करणार? हे काम सॉरवॉशचे किंवा पेनसिल्व्हेनियाचे नाही.

तलाव आणि बराकी आणणे आपल्याला परवडणारे नाही आणि त्यांची गरजही नाही. त्या शिबिरांतली उचलण्याजोगी गोष्ट फुकट आहे. पुढच्या मलिद्याचे ताट सोळा वर्षांच्या मुलीकडे सोपवावे : पोहे किती, बोलावणे कोणाला, गीत कोण उचलणार, मराठीत दोन शब्द कोण सांगणार, सगळे तिने ठरवावे. खोबरे कमी पडले तर पडू द्यावे. आणि ताट वाटून झाल्यावर मुकादमांनी तिला आधी बोलू द्यावे, मग आपले सांगावे.